दूध-तूप न वापरता डाळी आणि कडधान्यं : मराठवाडी पद्धती, प्रमाणं, काय बिघडतं आणि का

शिवारवाट (लातूर)

दूध, दही, ताक, तूप सगळं बंद करून फक्त वनस्पतीजन्य जेवण घेणारे लोक आता आपल्याकडेही वाढलेत. त्यांना सल्ला मिळतो तो बहुतेक ‘पनीरऐवजी काय’ एवढाच. मराठवाड्यात हा प्रश्न फारसा येऊ नये असं मला ठामपणे वाटतं. हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे, काळ्या उडदाची आमटी, येसर (भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ) लावलेली आमटी, पाटवडी, मटकीची उसळ, येळवसाची (वेळ अमावस्येची) दाणे-पालेभाज्यांची भज्जी, यांत मुळात दूध नाहीच. वरून सोडायचं तूप तेवढं टाळलं की झालं. अडतं ते दुसरीकडे. कडधान्य नीट शिजत नाही, पोटाला जड जातं, मग रोज तुरीचं वरण आणि तेवढंच. म्हणून हा धागा शिजवण्याच्या कामाबद्दल. अनुभवकथन नको; प्रमाण, वेळ, बिघाड आणि कारण लिहा.

पाण्यापासून सुरुवात करतो. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तो त्याचाच. दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं. ते शिजताना विरघळलं तर दाणा मऊ होतो. कॅल्शियम त्याच पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, त्यामुळे कितीही शिट्ट्या केल्या तरी साल चिवट आणि गर कचकचीत राहतो.

यावर तीन उपाय. पहिला, भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं मऊ पाणी घ्या. तेवढं नसेल तर निदान शिजवायला घ्याच. पाणी दहा मिनिटं उकळून, निवळून वरचं घेतलं तरी थोडा फरक पडतो, पण उकळून सगळा जडपणा जात नाही. दुसरा, भिजवताना मीठ. एक लिटर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे, रात्रभर, सकाळी पाणी फेकून दाणे धुवायचे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते आणि दाणे फुटत नाहीत. मिठाने कडधान्य शिजत नाही असं सांगतात, त्यात तथ्य नाही. तिसरा, खाण्याचा सोडा. एक वाटी कोरड्या कडधान्याला चिमूटभर, फार तर पाव चहाचा चमचा. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते, साल गळून लगदा होतो आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणून सोडा शेवटचा उपाय समजा.

चुलीपुढं (बीड)

दादा, चांगला विषय काढलात. एक विचारते. तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी शिजंना, असं कितीतरी घरांत व्हायलंय. डाळ नवीन, कुकर नवीन. मग चुकतं कुठं?

पाटावरवंटा (परभणी)

ताई, डाळीसोबत टोमॅटो, चिंच किंवा आमसूल टाकता का ते आधी बघा. आंबटामुळे पेक्टिन विरघळत नाही, डाळ दाणेदारच राहते. क्रम कायम असा ठेवा : आधी डाळ पूर्ण शिजवून घोटायची, मग फोडणी, मग चिंच, आणि गूळ सगळ्यात शेवटी. गुळानेही शिजणं मंदावतं.

आंबट टाकत नसाल तर पुढचं तपासा. शिट्ट्या मोजणं हे माप कच्चं आहे. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा-सात मिनिटांत होतात, डाळीला तेवढा वेळ पुरत नाही. डाळ अर्धा तास भिजवा, एक वाटीला तीन वाट्या पाणी, हळद आणि अर्धा चमचा तेल घाला. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीच्या तोंडात अडकत नाही.

‘नवीन डाळ’ म्हणजे दुकानात नवीन आली एवढंच अनेकदा खरं असतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात, पावसाळ्यात दमट हवेत पडून राहिलेली तूर आतून बदलते. ती भिजते, फुगते, पण मऊ होत नाही. अशा डाळीवर वेळ घालवू नका, भरडून आंबोळी किंवा वडे करा.

डाळ घेताना चकाकीवर जाऊ नका. तेल-पाण्याने चमकवलेल्या डाळीपेक्षा घरगुती किंवा गावातल्या गिरणीवरची, पिवळसर फिकट आणि थोडी पिठाळ दिसणारी डाळ चवीला सरस असते. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या तुरीच्या वाणांत बीडीएन-७११ पांढरी आणि बीडीएन-७१६ लाल. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वेळी पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. एका आंबट वरणाला लागणारे तीन मुख्य जिन्नस एकाच जिल्ह्यातले आहेत. मिळाले तर जरूर वापरा.

चुलीपुढं (बीड)

टोमॅटो सोबतच टाकतात बहुतेक जणी, वेळ वाचावा म्हणून. कळलं. आता तूप नको म्हटल्यावर वरणावर काय?

पाटावरवंटा (परभणी)

करडईचं घाणीचं तेल. लसूण ठेचून त्यात लालसर परता, आच बंद करून तिखट घाला आणि गरम असतानाच वरणावर ओता. शेंगदाण्याचं तेलही चालतं, पण करडईचा स्वाद तुरीला जास्त जुळतो. फोडणीत तिखट टाकताना आच चालू राहिली तर ते जळून कडू होतं.

मृगधारा (जालना)

पोटाच्या जडपणाबद्दल लिहिते. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवून पाणी टाकलं की यातला बराच भाग निघून जातो, मोड आणले की आणखी कमी होतो. मूग आणि मसूर सगळ्यात हलके. हुलगे, काबुली, राजमा, सोयाबीन जड. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे सोललेली मूगडाळ आणि मोडाची मटकी यांवर राहावं, मग हळूहळू बाकीचं.

भिजवण्याचे तास : अख्खे मूग आणि मटकी ७-८, चवळी ६, हरभरा ८-१०, राजमा आणि काबुली १०-१२, हुलगे १२. उन्हाळ्यात घरातलं पाणीच कोमट होतं. हरभरा दहा तास बाहेर ठेवला तर फेस येऊन आंबूस वास सुटतो. मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर फ्रिजमध्ये भिजवा.

मटकीत न भिजलेले गणंग राहतात, ते मोड येण्याआधी निवडून काढा. परातीत पसरून हात फिरवला की खड्यासारखे लागतात. ते कितीही शिजवले तरी शिजत नाहीत आणि दात दुखावतो.

मोडांचं एप्रिल-मेमध्ये फार बिघडतं. बेचाळीस अंश तापमानात फडक्यात घट्ट बांधून ठेवले की बारा तासांत चिकट होतात. फडकं सैल बांधा, चाळणीत ठेवा, दर सहा तासांनी गार पाण्याने धुवा. अर्धा सेंटिमीटर मोड आला की फ्रिजमध्ये. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर धुवून वापरायचा मोह नको, टाकून द्या. आणि मोड कच्चे खाण्यापेक्षा पाच-सात मिनिटं वाफवून खा. उबदार, ओलसर जागेत मोडांबरोबर जिवाणूही वाढतात.

शिवारवाट (लातूर)

मृगधाराताई, राजम्याचं एक ठळक लिहायला हवं. आपल्याकडे तो रोजचा नाही, म्हणून माहिती कमी आहे.

मृगधारा (जालना)

हो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक अपायकारक प्रथिन, असतं. थोडेसे अर्धकच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकायचं, नवीन पाण्यात खळखळून निदान दहा मिनिटं, आणि मी तर म्हणेन अर्धा तास, उकळायचंच. कुकरमध्ये शिजवला तर प्रश्न नाही. सौर पेटीत किंवा मंद आचेच्या भांड्यात मात्र राजमा थेट ठेवू नका. ऐंशी अंशांच्या आसपास बराच वेळ राहिला तर हे द्रव्य नष्ट होत नाही. आधी गॅसवर उकळून मग सौर पेटीत ठेवा. राजम्याचे मोडही कच्चे खायचे नाहीत.

हुलगेवाली (धाराशिव)

शेंगोळ्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

पीठ आधी. हुलगे निवडून कोरडेच मंद आचेवर भाजायचे, रंग किंचित बदलून खमंग वास येईपर्यंत. गार झाल्यावर ज्वारीच्या पिठाइतकं बारीक दळायचं. न भाजता दळलं तर उग्र वास राहतो. फार भाजलं तर पिठाचा चिकटपणा जातो आणि शेंगोळे वळताना तुटतात.

दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे कणीक. बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे आणि पाव चमचा ओवा खलबत्त्यात ठेचून. एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ, दोन चमचे तेल. पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या पिठाहून घट्ट मळायचं. पाऊण वाटीच्या आसपास पाणी लागतं, एकदम ओतू नका. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग तेलाच्या हाताने करंगळीहून बारीक लांब वळी करून दोन्ही टोकं जोडायची.

रशाला रुंद पातेलं. तेलात मोहरी, जिरे, भरपूर लसूण, काळा मसाला एक चमचा, दाण्याचं कूट दोन चमचे, मग सहा वाट्या पाणी. पाणी खळखळ उकळलं की शेंगोळे एकेक सोडायचे. इथेच मुख्य चूक होते. पाणी नुसतं गरम असताना सोडले तर पीठ सुटून पिठलं होतं. सोडल्यावर पाच मिनिटं चमचा लावायचा नाही. बाहेरचा थर घट्ट बसला की अलगद हलवा. मध्यम आचेवर अर्धवट झाकून वीस ते पंचवीस मिनिटं. एक तोडून बघा, मधोमध कोरडा फिका ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं.

रसा उतरवल्यावरही दाटत राहतो, म्हणून उतरवताना पातळच हवा. नंतर पाणी वाढवायचं झालं तर उकळतं घाला. थंड पाण्याने शेंगोळ्यांचा पोत कडक होतो. आंबट काही घालू नका, ताटात लिंबू पिळा. तेच पीठ दोन चमचे, गार पाण्यात कालवून तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडलं, गूळ आणि सुंठ घातली की माडगं तयार. गूळ पीठ शिजल्यावरच.

मुरमाड (हिंगोली)

कणकेऐवजी काय घालावं? गहू न खाणारेही विचारतात.

हुलगेवाली (धाराशिव)

दादा, ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून घाला, भाकरीच्या पिठाची काढतात तशी. चांगलं बांधलं जातं. वळ्या मात्र थोड्या जाड ठेवा.

शिवारवाट (लातूर)

आता भज्जी. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात होते, पण डिसेंबर-जानेवारीत ओल्या शेंगा असेपर्यंत कधीही करता येते. वनस्पतीजन्य आहारासाठी यापेक्षा भरलेलं एक भांडं मला माहीत नाही.

सात-आठ माणसांसाठी : तुरीचे ओले दाणे दोन वाट्या, वालाचे एक वाटी, सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे) एक वाटी, मटार एक वाटी, रात्रभर भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी. गाजर, वांगं, बटाटा मिळून दोन वाट्या फोडी. मेथी, चाकवत, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, जे मिळेल ते चिरून चार ते पाच वाट्या. मेथी एक वाटीहून जास्त नको, कडवटपणा चढतो. बेसन पाऊण वाटी. चिंच लिंबाएवढी, कोळ काढून. हिरव्या मिरच्या पंधरा, लसणाचा एक मोठा गड्डा, आलं बोटभर, मीठ घालून जाडसर ठेचा.

सगळं एकदम कुकरला लावणं हा सोपा पण वाईट मार्ग. तुरीचा जून दाणा पंधरा मिनिटं घेतो, मटार चार मिनिटांत होतो. आधी तूर, वाल आणि शेंगदाणे पाण्यात उकळा. दाणा बोटात दबला की सोलाणे, गाजर, बटाटा. पाच मिनिटांनी वांगं आणि मटार. मग पालेभाज्या, झाकण न ठेवता, म्हणजे रंग टिकतो. बेसन गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून बारीक धारेने सोडा आणि दहा मिनिटं सतत हलवत शिजवा. बेसन तळाला धरतं, आणि एकदा धरलं की करपट वास अख्ख्या भांड्याला लागतो. तळ खरवडू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात काढा. बेसनाचा कच्चा वास गेल्यावरच चिंच. शेवटी करडईच्या तेलात ठेचा परतून वर घाला.

काही घरांत बेसन ताकात किंवा अंबिलीत कालवतात, तिथे चिंचेचा कोळ थोडा वाढवला की भागतं. बाजरीचे उंडे किंवा ज्वारीची भाकरी सोबत. ताकाशिवाय अंबील हवी असेल तर ज्वारीचं पीठ तीनपट पाण्यात रात्रभर उबेला ठेवून आंबवा आणि शिजवून लसूण-जिरे लावा.

पाटावरवंटा (परभणी)

ओले दाणे उरले तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, कोरडे करून फ्रीझरमध्ये. न उकळता ठेवले तर महिन्याभरात गवतासारखा वास येतो.

मुरमाड (हिंगोली)

सोयाबीनवर कुणीच बोललं नाही. एवढं पिकतं आपल्याकडे, आणि घरात खायला कुणी घेत नाही. वास येतो म्हणतात.

तेलबिया (लातूर)

वास टाळता येतो. सोयाबीनमध्ये लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर असतं. दाणा गार पाण्यात वाटला की ते तेलाशी क्रिया करून तो कच्चट वास तयार करतं. म्हणून वाटताना उकळतं पाणी वापरायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्यही असतं, ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतं. कच्चं किंवा नुसतं भिजवलेलं सोयाबीन खायचं नाही.

पनीरसारखी वडी : पाव किलो सोयाबीन आठ तास भिजवा, थंडीत बारा. चोळून साली काढा. उकळतं पाणी घालत वाटा, एकूण पाणी दोन लिटर. मोठ्या पातेल्यात तापवा. फेस लवकर वर येतो, तो उकळी नव्हे. आच कमी करून, हलवत, खरी उकळी आल्यावर दहा मिनिटं शिजवा आणि गाळा. सोयाबीनचं हे दूध दोन-तीन मिनिटं उतरवून ठेवा, पंच्याहत्तर-ऐंशी अंशांवर येऊ द्या. दोन लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून तीन वेळा घाला, दर वेळी एकदाच हलकेच फिरवून. पंधरा मिनिटं झाका. पाणी पिवळसर निवळ दिसलं की फडक्यात ओतून किलोभर वजनाखाली अर्धा तास. साधारण तीनशे ग्रॅम वडी निघते.

वडी रवाळ आणि कडक झाली तर दूध फार गरम होतं किंवा जोरात ढवळलं. आंबट लागली तर लिंबू जास्त. फाटलंच नाही तर दूध पातळ आहे किंवा गार झालंय. चोथा टाकू नका, बेसन आणि कोथिंबीर घालून थालीपीठ किंवा वड्या होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं कधीच खायला घेऊ नका. धुवून ते विष जात नाही. फक्त बिनप्रक्रियेचं धान्यच वापरा.

गोदाथडी (नांदेड)

आहाराच्या बाजूने थोडं. प्रौढाला किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० चा निकष आहे. साठ किलोला पन्नास ग्रॅम. ज्वारीचं पीठ तीनशे ग्रॅम घेतलं तर त्यातून सुमारे तीस, कोरडी डाळ-कडधान्य ऐंशी ग्रॅममधून सतरा-अठरा, शेंगदाणे तीस ग्रॅममधून सात. भाकरी, आमटी आणि दाण्याची चटणी एवढ्यात बसतं. प्रथिनांच्या आवश्यक घटकांपैकी लायसिन ज्वारीत कमी आणि डाळीत भरपूर, तर मिथिओनिन डाळीत कमी. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे, एकाच घासात असण्याची गरज नाही.

लोहासाठी जेवताना लिंबू किंवा कच्ची कोथिंबीर घ्या, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. बी-१२ मात्र कुठल्याही डाळीत नाही, मोडात नाही, आंबवलेल्या पिठातही भरवशाचं नाही. दूध बंद केलेल्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायलाच हवी. कमतरता हळूहळू होते आणि नसांवर परिणाम करते.

चुलीपुढं (बीड)

येसर कुणी लिहिला नाही. लोक तयार पुडा आणायलेत, त्यात मीठच फार.

हुलगेवाली (धाराशिव)

हरभरा डाळ एक वाटी, बाजरी किंवा ज्वारी एक वाटी, गहू अर्धी, तांदूळ अर्धी, धणे अर्धी, किसलेलं सुकं खोबरं पाव वाटी, दहा-बारा लाल मिरच्या, दोन चमचे जिरे, पाच लवंगा, बोटभर दालचिनी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. एकत्र भाजलं तर खोबरं काळं होतं आणि हरभरा डाळ कच्ची राहते. पूर्ण गार करूनच दळा, गरम दळलं तर डब्यात घाम धरून बुरशी येते. एक लिटर आमटीला तीन चमचे, गार पाण्यात कालवून.

खोबऱ्यामुळे दोन महिन्यांत खवट होतो. जास्त करायचा असेल तर खोबरं वगळून दळा आणि आमटी करताना भाजलेलं खोबरं वाटून घाला.

मुरमाड (हिंगोली)

आणि अख्खी कडधान्यं साठवताना? भुंगा लागतो.

पाटावरवंटा (परभणी)

कडक उन्हात दोन दिवस पातळ पसरा, रात्री घरात घ्या, गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. गरम भरलं तर झाकणाखाली पाणी सुटतं. थोडंच असेल तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अंडीही मरतात, पण बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट होतं. पावसाळ्याआधी पुरेल तेवढंच घ्या. मूग आणि चवळीला भुंगा सगळ्यात आधी लागतो, ते पहिल्यांदा संपवा.

मुरमाड (हिंगोली)

भुंगा लागलेले मूग मोडाला चालतील का?

पाटावरवंटा (परभणी)

नाही. भोक पडलेला दाणा पाण्यात तरंगतो, त्याला मोड येत नाही आणि सडून बाकीचे मोडही खराब करतो. तरंगणारे सगळे काढून टाका, तळाला बसलेले घ्या.